शालूबाई माझा चहा घेत नाहीत

१९९८ साली मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कायम झाले. कायम झालेल्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा आमच्या तिसऱ्या मजल्याचा रिवाज. मी घरूनच आल्याचा चहा थर्मासात भरून नेला. सगळ्यांनी मिटक्या मारल्या. शेजारच्या टेबलावरच्या शालूबाईंनी मात्र कप बाजूला सारला.

"नगं गं पोरी. मला न्हाय लागत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं नाव निशा कांबळे. आमच्या जिल्ह्यात आडनावावरून बाकीचं कुणालाही कळतं. वडील म्हणायचे, जिथं आपल्या हातचं चालत नाही तिथं थांबायचं नाही. गुणपत्रिका तपासायला मला याच बाईंनी शिकवलं होतं, तेही कधी न चिडता, म्हणून जास्तच लागलं. काम आवडीचं होतं, तरी मी लायब्ररीत बदलीचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी द्यायचा होता.

शनिवारी पीएच.डी. करणारा कुणी तरी कर्मचाऱ्यांच्या समाधानाबद्दल चाळीस प्रश्नांचे कागद वाटून गेला. शालूबाई चष्मा विसरल्या होत्या.

"तूच वाच, तूच खुणा कर."

"साहेबांच्या वागणुकीबद्दल?"

"समाधानी. वरडत्यात, पन मनात न्हाय ठेवत."

"सहकाऱ्यांबद्दल?"

"लई समाधानी. तू आल्यापास्नं तर जास्तच. लिही की!"

माझं पेन अडखळलं. "पिण्याच्या पाण्याची सोय?"

"पानी हाय की रग्गड. पन पिऊन जायाचं कुठं? बायकांचा संडास पार लायब्ररीत. ह्या गुडघ्यानं तीन जिनं उतरू व्हय? सात वर्सं झाली, अकरा ते साडेपाच घोटभर घेत न्हाय. तुझ्या चहाचा वास आला तवा जीव तुटला बघ."

मी तरणी. जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन येत होते, या बाईचं काय होत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय समजले होते ते सगळं सांगून टाकलं.

शालूबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तसं वाटावं असंच जग हाय, पोरी. पन इचारायचंस की."

त्याच दुपारी मी दुसरा अर्ज लिहिला: आमच्या मजल्यावरची रद्दीची खोली रिकामी करून तिथं बायकांची सोय करावी. अकरा जणींच्या सह्या झाल्या. साहेबांनी कागद वाचला आणि बाहेर येऊन गरजले, "ही टूम कुणाची?"

मी उठणार, तोच शालूबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, आजवर साहेबांपुढं ब्र न काढलेली बाई.

"आमची," त्या म्हणाल्या. "हिची न माझी."

साहेब "बघतो" म्हणाले, आणि दिवाळीच्या आत खोलीत संडास झाला, नळही बसला. बदलीचा अर्ज मी त्या शनिवारी संध्याकाळीच फाडला होता. अशी शेजारीण सोडून जायला मी काय वेडी होते?