इसरूच्या मापाची वाट

मनसारामभाऊ जीप चालवताना माणसांशी बोलत नाही, आणि जीप उभी असली की जीपशिवाय दुसरं काही बोलत नाही. अहेरीच्या दवाखान्यात मी नर्स आणि तो ड्रायव्हर, म्हणजे दोन्ही तऱ्हा माझ्याच नशिबी. जीप लढाईतली जुनी, लिलावातून आलेली. तिचे सहा इंची टायर पार गुळगुळीत झाले होते. नव्या टायरांची मंजुरी आली आणि त्यानं माझं डोकं खायला सुरुवात केली.

"बाई, सहाचे नको. वाळूत सुरीवानी घुसते ते. साडेसातचे घेऊ. रिम तेच चालते, सोळाचे."

मला टायरमधलं कळत नव्हतं, पण वाळू चांगली कळत होती. मागच्या उन्हाळ्यात बांडिया नदीच्या कोरड्या पात्रात जीप आसापर्यंत रुतली. पलीकडच्या टोल्यात, म्हणजे चार झोपड्यांच्या वस्तीत, बुधरी बाळंतपणात अडली होती. मी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन तापल्या वाळूतून चालत गेले. पोचले तेव्हा मूल गेलेलं होतं. तिचा नवरा इसरू एक शब्दही बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याची ती चुप्पी वर्षभर माझ्या उशाशी होती. आता बुधरीला पुन्हा दिवस गेले होते, आणि या खेपेला मला वेळेवर पोचायचंच होतं.

"घे तुझे साडेसातचे," मी म्हटलं.

ठेकेदाराच्या गाडीचा एक टायर मागून आणून त्यानं पुढच्या चाकाला चढवला. ऐटीत बसला, वळण घेतलं, तर टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्याला करकरा घासायला लागला. शिवाय जीप इतकी उंच झाली की मला आत चढताना लुगडं सावरावं की तोल, हे कळेना. मी मनसोक्त हसले. तो रुसला. शेवटी सात इंचीवर तडजोड झाली, आणि ते चढवल्यावर चाकांभोवती तो असा फिरला की जणू घरात नवी सून आली होती.

वैशाखात निरोप आला, बुधरीला कळा सुरू झाल्या. आम्ही निघालो. नदीच्या काठावर मनसारामभाऊनं टायरांतली थोडी हवा सोडली. "आता पाहा बाई, बदकावानी जाते का नाई!"

आणि मग आम्हाला ती वाट दिसली.

पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत चिरलेल्या बांबूच्या दोन पट्ट्या अंथरल्या होत्या. चाक घसरू नये म्हणून प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या होत्या. बैलगाडीची ही वाट नव्हती, बैलगाडीच्या चाकांत अंतर जास्त असतं. ही फक्त आमच्या जीपची वाट होती. बाळंतिणीच्या झोपडीजवळ पुरुषांना थांबता येत नाही, म्हणून इसरू इथं वाट पाहत उभा होता. हातात बांबूची एक काडी होती.

त्यानं काडी टायरला लावली. आधीच रुंद, त्यात हवा सोडल्यानं पसरलेला टायर काडीच्या बाहेर आला.

"चाक मोठा झाला बाई," तो म्हणाला.

"माप कधी घेतलं तू?"

"मागच्या साली. तुमी परत गेल्यावर. वाळूत चाकाचा निशान होता."

मूल पुरून आल्यावर हा माणूस माझ्या जीपच्या खुणा मापत बसला होता. मी पुन्हा येणार, हे त्यानं त्याच दिवशी गृहीत धरलं होतं, आणि मी वर्षभर समजत होते की त्यानं मला माफ केलं नाही.

"खुंट्या टायरात घुसतीन," मनसारामभाऊ म्हणाला. "बाजूनं जातो, वाळूतूनच."

इसरूची मान खाली गेली. माझा जीव तुटला, पण पलीकडे बुधरी होती. "चल," मी म्हटलं. जीप खरंच बदकासारखी गेली. टायरांचं कौतुक करण्याचं मात्र मला भान नव्हतं.

दुपार कलता कलता बुधरीला मुलगी झाली. लगेच रडली, आणि अशी रडली की मीही तिच्याबरोबर रडून घेतलं.

परतताना इसरू मला काठावरच भेटला. हातात कुऱ्हाड, अंगावर घामाचे ओहोळ. मुलगी झाल्याचं सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं पात्राकडे बोट दाखवलं. प्रत्येक पट्टीच्या एका बाजूच्या सगळ्या खुंट्या उपटून त्यानं बोटभर बाहेर सरकवून ठोकल्या होत्या, पार पलीकडच्या काठापर्यंत.

"काऊन केली रे एवढी मेहनत?" मनसारामभाऊ म्हणाला. "आमी तर वाळूतून बी—"

"भाऊ, गप बस," मी म्हटलं. "बांबूवरून घे. आणि सावकाश."

इसरू चाकाकडे पाहत पुढे पुढे चालत होता. खाली बांबू करकरत होते. चाकांना वाळू लागली ती थेट पलीकडच्या काठावर.