मी कान आत ओढून घेतले

मित्रांनो, मी एक जुनी स्नायूपेशी आहे आणि माझा एका माणसावर राग आहे. तो माणूस म्हणजे माझाच धनी. औषधांच्या दुकानात तो कंपाउंडर आहे आणि मी त्याच्या जठराच्या भिंतीत राहते. मी डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाही. पण लाखो शेजारणींसोबत आकसायचं, सैल व्हायचं आणि घास घुसळून पुढे ढकलायचा, हे काम मी वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं.

माझ्या अंगावर बारीक बारीक कान आहेत. शरीरातली रसायनं निरोप घेऊन येतात आणि प्रत्येक निरोपाचा कान वेगळा असतो. 'जेवण आलं, ऊठ' असं ऐकलं की मी आकसते. "माझं पोट म्हणजे घड्याळ!" असं धनी एकेकाळी चारचौघांत सांगायचा. मला वाटायचं, चला, कुणाला तरी आपली कदर आहे.

मग दुकानात गर्दी वाढली. धनी काउंटरमागे उभ्याउभ्या पाव चावू लागला, तोही दुपार उलटून गेल्यावर. पोट जड झालं की मागच्या फळीवरची बाटली काढायची आणि जठर हलवणारं औषध झाकणभर घशात ओतायचं. लोकांना देताना हाच माणूस चमचा डोळ्यांसमोर धरून मोजायचा. स्वतःला मात्र झाकण!

पहिल्यांदा ते औषध माझ्या कानात ओरडलं, तेव्हा मी दचकून घट्ट आकसले. धन्याला बरं वाटलं. थोड्या वेळाने ते पुन्हा ओरडलं. मी आकसले, पण जरा कमी. मग पुन्हा. पोटात घास नाही आणि 'ऊठ, ऊठ' चालूच! कुणी किती ऐकावं? औषध ज्यात ओरडायचं आणि जेवणाचा निरोपही ज्यात यायचा, तो एकेक कान मी आत ओढून घेतला. आम्हा पेशींना ते जमतं. शेजारणींनीही तेच केलं. धन्याने एका झाकणाची दोन झाकणं केली, तेव्हा उरलेसुरले कानही आम्ही आत घेतले. आणि मी वाट पाहत बसले.

सुडाचा दिवस त्यानेच आणून दिला. त्याची थोरली बहीण त्याच्याशी सात वर्षं बोलत नव्हती. पाहुण्यांनी भरलेल्या घरात तो तिच्या स्वयंपाकाला 'आजाऱ्याचं जेवण' म्हणाला होता. शेवटी तिनेच त्याला जेवायला बोलावलं. आज ताट रिकामं केलं तर बहीण परत मिळणार होती. पोटाने दगा देऊ नये म्हणून धन्याने सकाळपासून अर्धी बाटली रिचवली. शहाणाच!

ताईंनी बटाट्याचा रस्सा वाढला. चार घास आत आले. औषध घसा फोडून ओरडत होतं. मी ढिम्म. पाचव्या घासाला धन्याचा हात थांबला.

"एवढंच? पुन्हा आजाऱ्याचं झालं का रे?"

"नाही गं ताई, पोटच साथ देत नाहीये."

"हो का! तेव्हा जीभ ऐकत नव्हती, आता पोट!"

ताईंचे डोळे भरले. त्यांनी ताट उचललं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! धनी बेसिनकडे धावला, खाल्लेलं सगळं बाहेर आलं आणि वाकताना खिशातली बाटली खाली पडली. ती ताईंनी उचलली.

"हे किती घेतोस?"

"झाकणभर."

"दिवसातून किती वेळा?"

धन्याने बाटली परत घ्यायला हात पुढे केला.

"अरे, जगाला चमच्याने मोजून देतोस आणि स्वतःला असं पाजतोस? अकलेचा कांदा आहेस नुसता!" त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली. "उद्यापासून एक वाजता इथे यायचं. बसून जेवायचं. माझ्यासमोर."

तो येऊ लागला. औषधाचा आरडाओरडा थांबला, तसे माझे कान हळूहळू बाहेर आले. सगळे नाही. काही मी मुद्दाम आत ठेवलेत. राग असा लगेच जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही पोटात माझ्या बहिणी राहतात. त्यांना वेळेवर घास द्या, उठसूट हाका मारू नका. त्या भांडत नाहीत, नुसतं ऐकायचं सोडतात.

परवा एक वाजता स्वयंपाकघरातून आवाज आला, "ये रे, पान वाढलंय." धन्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि आतून जुना, साधा निरोप माझ्यापर्यंत आला. मी आकसले. धन्याला माफ केलं म्हणून नव्हे. ताईंनी बोलावलं होतं म्हणून.