मशिदीमागची विहीर

लाबुआन बाजोच्या धक्क्यावर पाहुणे नवऱ्याच्या नावेत चढू लागले, की हसनिरा आधी त्यांच्या पायांकडे बघायची. गुलाबी वाळू बघायला येणाऱ्यांच्या पायांत चपला असत. या माणसाने जाड तळाचे बूट घातले होते. नाव हेर्मावान, आला माकासार शहरातून. सोबत ना बायको, ना मुलं.

"एकटाच फिरायला आलाय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुला काय करायचंय? तू मासे तळ," लामुसू म्हणाला. एरवी पाहुण्यांची टिंगल केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

गुलाबी वाळूच्या बेटाशी नाव थांबली, तरी हेर्मावान उतरला नाही. जेवताना मात्र त्याने सहज विचारलं, "तांगाबिरूवर मशिदीमागे विहीर आहे ना? उन्हाळ्यातही गोडं पाणी असतं म्हणे."

हसनिराचा वाढता हात थांबला. तांगाबिरू तिचं माहेर. तिथे पाहुण्यांच्या नावा जातच नव्हत्या. पलीकडच्या बेटावर असाच कोणीतरी पाणी बघून गेला होता. आता तिथे हॉटेल आहे आणि कोळ्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी." त्याने लामुसूकडे पाहिलं. लामुसू उठून इंजिनाशी गेला.

ती त्याच्या मागोमाग गेली. "विहिरीलगतची माझ्या आईची माडाची वाडी दाखवायला नेतोयस ना त्याला?"

"नुसतं बघेल. बघून जमीन झिजते का?"

"मग माझ्यापासून का लपवलंस?"

"तू तमाशा केला असतास."

"तो आता करते."

तांगाबिरूला नाव वाळूला टेकायच्या आत ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि तडक मावशीकडे गेली. सालमिया मावशी बायकांबरोबर मासे वाळत घालत होती. तिने हसनिराचं सगळं ऐकून घेतलं आणि ओले हात लुंगीला पुसत ती पुढे आली.

"काय साहेब, पाणी प्यायला इतक्या लांब आलात?"

"नाही हो, फिरायला आलोय."

"फिरा की! विहिरीवर बायका आंघोळ करताहेत, तेवढं तिकडे जाऊ नका."

बायका खो-खो हसल्या. हेर्मावान चिडून लामुसूकडे वळला. "घरचे सगळे तयार आहेत म्हणाला होतात ना?"

हसू थांबलं.

"सगळे म्हणजे कोण कोण, जावईबापू?" मावशीने विचारलं.

लामुसू नावेचा दोर सोडू लागला. हेर्मावान नावेत जाऊन बसला.

"चल, ओहोटी लागेल," लामुसूने हाक मारली.

"तू जा. मी राहते इथे."

नाव दूर गेली. हसनिरा मावशीशेजारी बसून मासे उलटू लागली, पण 'सगळे' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. त्यात तिचा थोरला भाऊही होता का?

"मावशी, थोरला कुठंय?"

"होडी घेऊन पहाटेच गेलाय मासळीला."

हसनिराने मान वर केली. माडांच्या सावलीत थोरल्याची होडी कोरडी ठणठणीत उभी होती. मावशीला काही न सांगता ती उठली आणि त्याला शोधायला निघाली.