तळव्यासमोर धरलेला आरसा

मित्रांनो, मी आहे एक जुना हातआरसा. आकाराने ताटलीएवढा, लाकडी मुठीचा, खालच्या कडेला पारा थोडा उडालेला. माझ्यात बघणारा प्रत्येक जण स्वतःलाच बघतो, त्यामुळे मी कसा दिसतो हे सहसा कुणाला सांगता येत नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

एका कारागिराने माझी काच घासूनपुसून गोल केली, पाठीला पारा चढवला आणि मला चौकटीत बसवले. तिथून मी आलो ते केस कापण्याच्या एका छोट्या दुकानात. दोन खुर्च्या, भिंतीवर लांबलचक आरसा आणि त्यासमोर दिवसभर उभे असलेले आमचे मालक. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ काम करी. कटिंग झाली की वस्ताद मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत. गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघून मान डोलावी. त्या एका होकारासाठी मी बावीस वर्षे राबलो.

मग भावाने हलका, प्लॅस्टिकचा आरसा आणला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. दात तुटलेले कंगवे हेच माझे शेजारी. ड्रॉवर नीट लागत नसे, म्हणून फटीतून दुकान दिसायचे, एवढाच काय तो विरंगुळा.

वस्तादांना नऊ वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहून गेल्या. आधी पायांना मुंग्या येत. पुढे मुंग्या थांबल्या, तेव्हा वस्तादांना वाटले, चला, बरे झाले. खरे तर पाय बधिर होत चालले होते.

एका दुपारी भावाच्या हातून लोशनची बाटली निसटून फुटली. काचा झाडल्या, पण काही बारीक तुकडे राहिलेच. वस्ताद पातळ सपाता घालून खुर्चीभोवती फिरत होते. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "दादा, फरशीवर हे लाल कसलं?"

वस्तादांच्या प्रत्येक पावलामागे एक डाग होता. त्यांनी सपात काढली. अंगठ्याच्या खाली, तळव्यात काच रुतली होती.

"मला तर काहीच लागलं नाही," ते म्हणाले.

लागले होते, पण कळले नव्हते. त्यांनी काच उपसली, दाढी करताना कापले की फिरवतात तशी तुरटी फिरवली, फडके बांधले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवले. दुखत नव्हते, म्हणून आठ दिवस कुणी लक्ष दिले नाही. नवव्या दिवशी ताप चढला, पाय सपातेत मावेना आणि फडक्याला वास येऊ लागला.

दवाखान्यात काय झाले ते मी पुढे घरातल्या बोलण्यातून ऐकले. साखर चारशेला टेकली होती. डॉक्टरीणबाईंनी जखम उघडून साफ केली, तेव्हा आतून काचेचा आणखी एक तुकडा निघाला.

"अंगठा राहील ना?" वस्तादांच्या बायकोने विचारले.

"आज नाही सांगता येणार. अर्धं काम औषधाचं, अर्धं तुमचं. या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. आणि दोन्ही तळवे रोज बघायचे."

सांगणे सोपे होते. पण वस्तादांचे पोट सुटलेले, वाकून तळवा दिसणार कसा? बायको तडक दुकानात आली. नवा आरसा भावाला कामाला लागत होता. तिने ड्रॉवर ओढला, मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि पिशवीत घातले.

मित्रांनो, तोवर मी लोकांना फक्त कापलेले केस दाखवले होते. त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाला त्याची जखम दाखवली. वस्तादांनी तोंड फिरवले.

"नको. ठेव तो."

"अहो, माझ्या एकटीच्या डोळ्यांवर किती दिवस भागवणार? पाय तुमचा आहे."

मग वस्तादांनी हात पुढे केला आणि माझी मूठ स्वतः धरली.

तेव्हापासून रोज सकाळी आमचे काम सुरू होई. बायको साबणाने हात धुई, शिकवल्याप्रमाणे जखम साफ करी, नवी पट्टी बांधी. त्याआधी वस्ताद मला तळव्यासमोर धरून नीट बघत. ताटात भात कमी झाला. डाळ, अंडी, भाजी वाढली. इन्सुलिनची सुई ते स्वतः टोचू लागले. सिगारेटने जखमेकडे जाणारे रक्त आटते हे कळल्यावर पाकीट कचऱ्यात गेले. चालायचे ते कुबड्या घेऊनच.

पण मन दुकानात होते. चौथ्या आठवड्यात बायको बाहेर गेल्याचे पाहून ते गपचूप गेले आणि उभ्याने तीन जणांची कटिंग करून आले. दुसऱ्या सकाळी पट्टी सोडली तर ती भिजलेली. जखमेच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या. मधून ताजे रक्त. ते मला झाकता येत नव्हते. वस्तादांनी मला आणखी जवळ धरले.

"तीन डोकी कापली आणि तीन आठवडे घालवले," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी आपली कात्री बायकोच्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. डॉक्टर सांगतील तेव्हाच दे."

त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. एकदा माझ्यात त्यांना दुसऱ्या टाचेवर लाल चट्टा दिसला. सगळा भार त्याच पायावर येत होता. त्याच दिवशी ते मला पिशवीत घेऊन दवाखान्यात गेले आणि फोड येण्याआधीच टाचेखाली मऊ गादी बसली.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"माझ्याच," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज इतका ताठ मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

जखम आधी मोठ्या नाण्याएवढी होती. मग वाटाण्याएवढी झाली, मग मसुराएवढी. चौदाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तळवा चहूबाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "बंद झाली. अंगठा तुमचाच."

बायकोने पर्समधून कात्री काढून वस्तादांसमोर ठेवली. ती सकाळीच बरोबर घेऊन निघाली होती.

आता वस्ताद उंच स्टुलावर बसून कटिंग करतात. पायात पुढून बंद, मऊ तळाचे बूट असतात आणि घालण्याआधी ते आत हात फिरवून बघतात. पण खरी गंमत पुढेच आहे. दुकानाच्या सुट्टीच्या सकाळी ते शटर अर्धे उघडतात. मधुमेह असलेली आसपासची माणसे येतात, खुर्चीत बसून मोजे काढतात आणि वस्ताद मला त्यांच्या तळव्यासमोर धरतात.

तिसऱ्याच सुट्टीला एक टॅक्सीवाला आला. "वस्ताद, माझे पाय ठणठणीत आहेत, तुमच्या समाधानासाठी बघा." त्याच्या टाचेत लहानसा खिळा होता. बुटाच्या तळातून आत शिरलेला. त्याला पत्ताच नव्हता. वस्तादांनी तुरटीला हात लावला नाही, खिळाही ओढला नाही. वर स्वच्छ पट्टी ठेवली, त्याच्याच टॅक्सीसाठी दुसरा चालक शोधला आणि त्याला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेले. महिन्याभराने तो टॅक्सीवाला दोन्ही पायांवर भक्कम उभा राहून आपल्या बहिणीला घेऊन आला. "हिचेही बघा," म्हणाला. आजवर माझ्यात एकेचाळीस माणसांनी आपले तळवे पाहिले आहेत. चार जखमा वेळेवर सापडल्या आणि चारही भरल्या.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर आज त्यांचा पाय उजेडात घ्या आणि तळवा नीट बघा. "दुखत नाही," असे ते म्हणतील. तरीही बघा.