करंदीचं दार

निकोलसने पट्टी दारावर आडवी धरली आणि चौकोनाची शेवटची रेघ ओढली. मग ड्रिलने चारही कोपऱ्यांत भोकं पाडली. सागाचा पिवळट भुसा त्याच्या पायाच्या बोटांवर पडला.

"फार खाली नाही ना होत?" ओट्याशी उभ्या असलेल्या व्हेरोनिकाने विचारलं. झडपेबरोबर आलेला कागद तिच्या हातात होता. "मांजराच्या पोटाच्या उंचीवर असावं, असं लिहिलंय. करंदीचं पोट कुठपर्यंत यायचं हो?"

बारीक पात्याची करवत निकोलसने भोकात घातली आणि कापायला सुरुवात केली.

तंत्रशाळेत त्याने एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. रेघेच्या आतून कापा, रेघेवर कापू नका, हे त्याने किती मुलांना सांगितलं असेल याची गणती नव्हती. आज करवत दोनदा रेघ सोडून बाहेर गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तो थांबला आणि पात्यावर फुंकर मारत बसला.

झडप शॅननने पुण्याहून पाठवली होती. पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकट, मध्ये आतबाहेर हलणारी पारदर्शक पडदी. करंदी नाहीशी झाल्याला दोन महिने झाले होते, आणि अजूनही फोनवर बोलताना आईचा आवाज मधेच बसतो, हे लेकीच्या लक्षात आलं होतं. मग व्हेरोनिकानेच तिला सांगितलं, की मागच्या दाराला एखादी खिडकी असती, तर करंदी गेलीच नसती.

तिचं म्हणणं असं, की त्या दुपारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जाताना तिने मागच्या दाराची कडी लावली. करंदी तेव्हा केळीच्या बागेत असणार. परत आली, दार बंद दिसलं, ओरडली असेल, कोणी उघडलं नाही. ती रुसून निघून गेली.

"मी कडी लावली," व्हेरोनिका आताही म्हणाली. ती कागदाची घडी घालत होती. "चार वर्षांत एकदाही लावली नव्हती. मागच्या शनिवारी कुमसाराला गेले तेव्हा फादरांनाही माझं पाप म्हणून सांगितलं."

करवत थांबली.

"काय सांगितलंस?"

"हेच. मुक्या जिवाला बाहेर ठेवलं म्हणून. फादर म्हणाले, बाय, हे पाप नव्हे. मी म्हटलं, नसेल, पण मला सांगायचं होतं."

कापलेला तुकडा आतल्या बाजूला पडला. त्या भोकातून अंगणातली ऊन पडलेली फरशी दिसत होती. निकोलसने कानस घेतली आणि कडा घासू लागला. गुळगुळीत झाल्या तरी तो घासत राहिला.

करंदी त्या दुपारी केळीत नव्हती. ती त्याच्या खोलीत होती, कपाटाच्या उघड्या दाराआड. पुतण्याच्या लग्नासाठी शिवलेल्या नव्या कोटावर ती मुतली होती. त्याने तिला मानेला धरलं, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घातलं, सुतळीने तोंड बांधलं आणि स्कूटरवर पायांपाशी ठेवून निघाला. सातिवली ओलांडताना त्याच्या मनात आलं, परतावं. पण तोवर राग असा काही चढला होता, की तो हायवे ओलांडून थेट कामणला पोचला. गोदामांच्या रांगेमागे एक नाला आहे. तिथे त्याने पोतं खाली ठेवलं. गाठ सोडायला वाकला, तर आतून एक नखी पोत्याबाहेर आली आणि त्याचा अंगठा फाडून गेली. तेवढ्यात एक ट्रक मागे वळत त्याच्याकडे यायला लागला. निकोलस स्कूटरवर बसला आणि निघाला.

गाठ सैल होती, असं त्याने वाटेत स्वतःला सांगितलं. गाठ सैल नव्हती. त्याच्या हातची गाठ कधीच सैल नसायची.

आणि राग कोटाचा होता, हेही तसंच. कोट धुऊन स्वच्छ झाला होता. लग्नात त्याने तोच घातला. निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर घरात असे, आणि दिवसभर त्याला स्वयंपाकघरातून व्हेरोनिकाचं बोलणं ऐकू येई. आज बोंबील किती मऊ निघाले, शेजारच्या फ्लॉसीच्या सुनेने काय केलं, शॅननचा फोन का नाही आला. तो बाहेरच्या खोलीतून "काय म्हणालीस?" असं विचारी. "तुम्हाला नाही, करंदीला," ती हसत म्हणे. हे तो कुणाला सांगू शकला नसता.

संध्याकाळपर्यंत झडप बसली. चारही स्क्रू त्याने हाताने आवळले. व्हेरोनिका गुडघ्यांची कुरकुर विसरून जमिनीवर बसली आणि बोटाने पडदी ढकलून पाहिली. पडदी बाहेर गेली, आत आली, टक् करून थांबली.

"छान बसवलीत," ती म्हणाली. मग भोकाशी तोंड नेऊन तिने बाहेर हाक मारली. "करंदी! ये गं. आता दार उघडंच आहे."

निकोलस हत्यारं गोळा करू लागला. पटाशी पेटीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सातिवलीला बिजागऱ्या आणायला जातो म्हणून निघाला आणि कामणला गेला. नाल्याकाठी काहीच नव्हतं. पोतंही नव्हतं. तो वाकून गवतात बघत असताना मागून आवाज आला.

"कोन पाहिजे?"

शेवटच्या गोदामाच्या फाटकाशी पहारेकरणीच्या निळ्या शर्टातली एक बाई उभी होती. पंचेचाळिशीची असावी. खिशावर सुमेधा असं नाव लावलेलं होतं.

"मांजर," निकोलस म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. "इकडे मांजरं आहेत का? आमच्या शाळेत उंदीर फार झालेत."

"शालेत?" तिने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "एक हाय. पन ती देनार नाय मी. पिल्लंवाली हाय."

ती त्याला आत घेऊन गेली. लाकडी फळ्यांच्या ढिगामागे एका खोक्यात जुनी साडी अंथरलेली होती. करंदी कुशीवर पडली होती आणि चार पिल्लं तिला लुचत होती. ती हडकली होती. एका कानाचं टोक गेलं होतं. निकोलसला पाहून तिने मान वर केली नाही. फक्त तिच्या पाठीवरचे केस हळूहळू उभे राहिले.

"चमेली नाव ठेवलं मी," सुमेधा म्हणाली. "पोत्यात बांधून टाकलेली कोनीतरी. नाल्यात. सकाली ड्युटीवर आले तर पोतं हलत होतं. रात्रभर तशीच असंल. गाठ सुटंना. सुरी नव्हती, मग दातानं तोडली सुतली. नखं सगली रक्तालली होती तिची." ती थांबली. "सोडायचं तर सोडा ना. बांधून कशाला टाकायचं?"

"असतात अशी माणसं," निकोलस म्हणाला.

स्कूटरपर्यंत येताना ते वाक्य त्याच्याबरोबर आलं. त्याने हेल्मेट घातलं. तो पट्टा न लावताच निघाला.

घरी व्हेरोनिका पाटावर बसून बोंबील साफ करत होती. पुढ्यात पातेलं होतं. बिजागऱ्या कुठे आहेत हे तिने विचारलं नाही. तिने नुसतं वर पाहिलं, आणि सुरी खाली ठेवली.

"व्हेरोनिका, ती येणार नाही."

"कोण?"

"मी सोडून आलो होतो तिला. कामणला. तू नोव्हेनाला गेली होतीस तेव्हा."

नळ ठिबकत होता. व्हेरोनिकाने हात पातेल्यावर धरून ठेवले होते. बोटांवरून पाणी ओघळून मनगटापर्यंत आलं, तरी तिने ते पुसलं नाही.

"कोटापायी?"

त्याने मान डोलावली. हेही पुरतं खरं नव्हतं.

"दोन महिने तुम्ही चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठला नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, गुडघे दुखतात. मी देवाकडे तुमच्या गुडघ्यांसाठी मागत होते."

निकोलस दाराला टेकून उभा होता.

"जिवंत आहे?"

"आहे. आत्ताच बघून आलो. एक बाई सांभाळते. चार पिल्लं झालीत."

"होणारच होती," व्हेरोनिका म्हणाली. "पोट दिसायला लागलं होतं तिचं. त्या दिवशी नोव्हेनाहून येऊन तुम्हाला सांगणार होते. म्हटलं, आधी तुम्ही चिडाल, मग पिल्लं बघून हसाल."

तिने सुरी उचलली आणि उरलेले बोंबील साफ केले. एकही सोडला नाही. रात्री जेवताना ती रागावलेली दिसली नाही. तिने नेहमीप्रमाणे त्याच्या ताटात आधी वाढलं. ती भांडली असती, ताट आपटलं असतं, तर बरं झालं असतं असं निकोलसला वाटत राहिलं. पोत्याचं त्याने सांगितलं नव्हतं. सोडून आलो, एवढंच म्हणाला होता. सांगायचं, असं ठरवून त्याने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला.

सकाळची मिस्सा झाल्यावर ती चर्चच्या पायऱ्या उतरून सरळ स्कूटरपाशी येऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"कामणला. मला बघायचीय."

वाटेत तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. सीटमागची कडी धरून बसली. सातिवलीला सिग्नलवर थांबल्यावर तो म्हणाला, "व्हेरोनिका, एक सांगायचं राहिलं." पण शेजारी कंटेनर धडधडत होता. तिने "काय?" असं विचारलं, आणि सिग्नल सुटला.

सुमेधा फाटकाबाहेर उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. त्याला पाहून उठली.

"आलात परत? म्हटलं ना, देनार नाय."

"न्यायला नाही आलो," व्हेरोनिका म्हणाली. "नुसती बघायला आलेय मी."

सुमेधाने तिच्याकडे नीट पाहिलं, मग फाटक उघडलं. फळ्यांच्या ढिगापाशी जायच्या आधीच व्हेरोनिकाने हाक मारली. तिच्या घरच्या बोलीतली, निकोलसने चार वर्षं ऐकलेली, लांबवलेली हाक. खोक्यात हालचाल झाली. करंदी बाहेर आली. क्षणभर उभी राहिली आणि मग धावत येऊन व्हेरोनिकाच्या पायांत शिरली. इतक्या जोरात, की व्हेरोनिकाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ती खाली बसली. मांजराच्या फाटक्या कानावरून तिने अंगठा फिरवला. करंदीने तिच्या मनगटावर डोकं घासलं, एकदा ओरडली, आणि परत पिल्लांकडे गेली.

"तुमाला वलखते ती," सुमेधा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती निकोलसकडे वळली. "ते शालेचं काय सांगत होते मग?"

निकोलसने घसा साफ केला. पण व्हेरोनिका त्याच्या आधी बोलली.

"आमचीच आहे ती. आम्हीच सोडली होती इकडे. चूक झाली आमची."

हे म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पिल्लांकडे बघत होती. फादरांपुढे जशी गेली होती तशीच आताही ती पुढे झाली होती, इतक्या सहज, की निकोलसला फक्त गप्प राहायचं होतं.

सुमेधा व्हेरोनिकाकडे वळली.

"तुमी?" ती म्हणाली. "ताई, तुमी दिसत तर नाय तशा. पोत्यात घालून, तोंड बांधून? रात्रभर नाल्यात होती. पोटात चार जीव होते."

व्हेरोनिकाचा हात खोक्याच्या कडेवर होता तिथेच राहिला. तिची मान जराशी वळली, अर्धीच, आणि थांबली. पदराचं टोक तिने हळूच मुठीत घेतलं. निकोलसला फक्त तिचा खांदा दिसत होता. तिने नाही म्हटलं नाही. हे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हटलं नाही.

बाहेर कुणीतरी ट्रकचं फळकं आपटून उघडलं.

"आम्ही नाही," निकोलस म्हणाला. फळक्याच्या आवाजात ते बुडालं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "आम्ही नाही. मी. पोतं मी बांधलं. हिला आत्ता कळतंय."

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं. शिवी येईल म्हणून तो उभा राहिला. ती बाहेर गेली, आपली खुर्ची उचलून आत घेऊन आली, शर्टाच्या बाहीने तिने ती पुसली आणि व्हेरोनिकाच्या मागे ठेवली.

"बसा ताई. खाली नका बसू, गार हाय."

व्हेरोनिका उठून खुर्चीवर बसली. सुमेधा खोक्याशी उकिडवी झाली आणि एकेक पिल्लू उचलून दाखवू लागली. हे आडदांड आहे, ह्याचे डोळे सगळ्यात शेवटी उघडले, ही अगदी आईवर गेलीय. व्हेरोनिकाने एक पिल्लू ओंजळीत घेतलं. ती विचारत होती, दूध पुरतं का, रात्री कोण बघतं. सुमेधा सांगत होती. हळूहळू त्या दोघींचे आवाज खाली आले.

निकोलस मागे सरून फाटकाशी उभा राहिला. ऊन सरकत त्याच्या पायांवर आलं, मग गुडघ्यांपर्यंत. आत सावली होती. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि तो गेला नाही.