गळा घट्ट, कंबर सैल

शिवणारणीच्या घरात माणूस वाळला तर सगळ्यांत आधी तिलाच कळायला हवं. पण कुठलं काय! तिचा नवरा बँकेच्या दारावर पहारेकरी, गणवेशाचा भारी शौकीन. पँटची घडी मोडली तरी तोंड वाकडं. लोक त्याला 'कडक' म्हणत आणि तो मिशीतल्या मिशीत हसे. अशा माणसाची पँट कमरेत ढिली पडली तर शिवणारीण बायको गप्प बसेल? पँट धुवायला पडली की ती शिवण उसवायची, थोडं आत घ्यायची, टीप मारायची. पुन्हा ढिली, पुन्हा टीप. त्याला सांगावं असं तिला वाटलंसुद्धा नाही. चहात साखर टाकताना कुणी सांगतं का?

"बघ, अजून तरुणपणीचंच माप!" तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा.

"मिरवा, मिरवा," ती म्हणायची. तिलाही बरं वाटायचं.

खटकलं ते कॉलरीवरून. एका सकाळी वरचं बटण लागेना. "शर्ट आटला धुऊन," तो करवादला. तिने बटण सरकवून दिलं. काही दिवसांनी पुन्हा तेच. शर्ट आटला तर सगळीकडून आटेल. माणूस वाळला तर त्याची मानही वाळेल. कंबर सैल आणि गळा घट्ट, हे कुठलं माप? तिने टेप घेतली आणि त्याच्या मानेभोवती बोटं फिरवली. डाव्या अंगाला कोटाच्या बटणाएवढी गाठ होती, रबरासारखी.

"दुखतं?"

"छे, अजिबात नाही. आणि दुखत नाही तर मग काय? दुखेल तेव्हा बघू."

झालं, तिची झोप उडाली. मशीनवर बसे, उठे, पुन्हा बसे. दोरा सुईत जाईना. एका गिऱ्हाइकाची बाही तिने उलटीच जोडली. एकेक गोष्ट आता आठवायला लागली. त्याचा बनियन रोज सकाळी पिळून काढावा इतका भिजलेला असे. "खोली कोंदट आहे," तो म्हणे. संध्याकाळी अंग कोमट लागे. "उभं राहून राहून शिणलोय." पाठ खाजवत बसे. "तुझ्या नव्या कापडाची खळ!" प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि मेलं तिला ते दर वेळी पटलं होतं.

"दवाखान्यात चला."

"उगाच डोकं खाऊ नकोस."

"नाही ना येत? मग उद्यापासून तुमच्या गणवेशाला मी हात लावणार नाही. चुरगळलेल्या पँटमध्ये उभे राहा दारात!"

ही मात्रा लागू पडली.

डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली, मग काखा, मग जांघा. काखेतही एक गाठ सापडली. कुठली औषधं चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. सांध्यांसाठी कित्येक वर्षं गोळ्या घेतोय, असं त्याने सांगितलं. "या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात. तेही लक्षात घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "ताप? रात्री घाम?"

"उकाडा आहे हो सगळा."

"वजन घटलंय?"

"नाव नको! ही पँट बघा. वर्षानुवर्षं हीच, अजून अंगाला चपखल."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. परक्या बाईसमोर नवऱ्याचा तोरा उतरवायचा? आणि नाही उतरवला तर?

"थांबा, ते लिहू नका!" ती जवळजवळ किंचाळली. "हे खोटं बोलत नाहीत. खोटं मी शिवलंय." तिने उठून त्याच्या पँटचा कमरेच्या पट्टीकडचा भाग उलटा केला आणि आत दुमडलेलं कापड बोटाने दाखवलं. "चार वेळा आत घेतली. यांना पत्ताच नाही."

तो कानापर्यंत लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. न दुखणाऱ्या गाठी, घाम, ताप, घटलेलं वजन, हे सगळं एकत्र आलं की लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची शंका घ्यावीच लागते, असं त्यांनी सांगितलं. तो नसेलही. साध्या संसर्गानेही गाठी येतात. पण गाठ काढून तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. "असलाच तर उपचार आहेत. मात्र आता दिवस घालवू नका."

गाठ काढायच्या दिवशी सकाळी त्याने पँट तिच्यासमोर टाकली.

"उसव. सगळ्या टिपा उसव."

तिने उसवल्या. त्याने पँट चढवली, बटण लावलं आणि हात सोडला. पँट घसरून कुल्ल्यांवर आली. ती मुठीत धरून त्याने खाली बघितलं.

"एवढा गेलो मी?" त्याने मान वर केली. "अगं, तुझ्या हातांना रोज कळत होतं. मग ओरडली का नाहीस माझ्यावर?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही ती थांबली नाही. तिने त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

"आता ओरडतेय ना! चला!"