मातीचे खिळे

"ह्या खिळ्यांचा उपयोग काय?" भट्टीच्या नव्या मालकाने विचारले.

पेईकाकांनी पुढ्यातल्या ओल्या सुरईकडे पाहिले. तिच्या कानाच्या टोकाला त्यांनी नुकतेच हरभऱ्याएवढे दोन गोळे चिकटवले होते. पश्चिमेकडच्या चांदीच्या सुरईला कान खिळ्यांनी ठोकलेला असतो. थोरल्या मालकांनी एकदा तशीच सुरई मातीत करायला सांगितली आणि काकांनी ती खिळ्यांसकट केली. तेव्हापासून ते खिळेच करत आले.

"उपयोग काही नाही," काका म्हणाले.

"मग कान कशाने टिकतो?"

"चिखलाने."

"म्हणजे जन्मभर तुम्ही नसलेलं काम केलंत."

"मन लावून केलं, मालक."

खिळे बंद झाले. काकांनी माती तुडवायला जावे, असे ठरले. हे काकांच्या आधी त्यांच्या गुडघ्यांना कळले.

"या थंडीत चिखलात उभे राहणार?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा मी जाते तुडवायला. तुम्ही घरी बसून शेवयांना खिळे मारा."

बिनखिळ्यांच्या सुरया भाजून निघाल्या, तेव्हा समरकंदचा आन नावाचा व्यापारी नेहमीप्रमाणे माल बघायला आला. मालकाने एक सुरई मद्याने भरून पुढे केली. आनने एका हाताने कान धरला आणि दुसरा हात सुरईच्या पोटाखाली लावला.

"असं तान्ह्या पोरासारखं काय धरताय?"

"कान निखळला तर?"

"अहो, ते खिळे नुसते शोभेचे होते."

"असतील. पण आता नाहीत ना." आनने सुरई अलगद खाली ठेवली. "आमच्या चांदीच्या सुरयांचे खिळे ढिले होतात. तुमचे कधी झाले नाहीत. तो कारागीर वारला का?"

"नाही. माती तुडवतोय."

आन माल न घेताच गेला. मालकाने स्वतःसाठी मद्य ओतायला घेतले. थोड्या वेळाने त्याला दिसले, की आपलाही डावा हात सुरईच्या खाली आहे. त्याने तो काढून पाहिला. पुन्हा लावला. मग काकांना बोलावणे धाडले.

काका पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखून आले. "भाजलेल्या सुरईला आता खिळा चिकटायचा नाही, मालक."

"नव्यांना लावा."

काकांनी आधी पाय धुतले, मग हात. जुन्या जागी बसून त्यांनी बोटांत माती वळली आणि ओल्या सुरईच्या कानावर दोन खिळे बसवले.

मालक वाकून बघत होता. "पक्के बसले ना?"

काकांनी दोन्ही खिळे अंगठ्याने दाबून पाहिले.

"पक्के," ते म्हणाले.